डबा, रीळ आणि हार्ड डिस्क : सिनेमा जपणाऱ्यांचं बदललेलं काम

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघात राहून गेलेले काही आकडे आणि सनावळ्या इथे भरल्या आहेत. बाकी सूर बोलण्याचाच ठेवला आहे.)



आजचा विषय आहे सिनेमा. पण नट-नट्या, दिग्दर्शक, गाणी यांच्याबद्दल आज बोलायचं नाही. सिनेमा थिएटरातून उतरला की त्याचं पुढे काय होतं, तो कुठे जातो, कोण सांभाळतं आणि किती वर्षं, याबद्दल बोलायचंय. आणि हा इतिहास सांगायचा तर पुण्याला जावंच लागतं.

'डिजिटल आलं, आता सगळं कायमचं जपलं गेलं' असं आपण सहज म्हणून जातो. जुनी रिळं सडायची, जळायची, आता फाईल झाली म्हणजे चिंता मिटली. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं काय आहे, ते पाहू. त्यासाठी आधी थोडं मागे जाऊ.

चांदीच्या भावात गेलेला सिनेमा

३ मे १९१३. गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी खुला झाला. चार रिळांचा चित्रपट. आज आपल्या हातात किती आहे? पहिलं रीळ आणि शेवटचं रीळ. मधला भाग नाही. आणि जे आहे ते १९१३ चं की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचं, यावरही अभ्यासकांमध्ये वाद आहे. म्हणजे भारतीय सिनेमाच्या जन्माचा दाखलाच आपल्याकडे अर्धवट आहे.

आणि हे काही एकट्या फाळक्यांच्या वाट्याला आलेलं नाही. मूकपटांच्या काळात आपल्या देशात तेराशेहून जास्त चित्रपट झाले. त्यातले आज उरलेत तीसच्या आसपास, आणि त्यातलेही बरेचसे तुकड्या-तुकड्यांत. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूक 'सावकारी पाश' घ्या. त्याचा उल्लेख प्रत्येक पुस्तकात असतो, पण तो बघायला मिळत नाही. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला आणि प्रचंड चालला. त्याची आज एकही प्रत नाही. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये आलेला प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मात्र वाचला. आज बघायला मिळणारा सर्वांत जुना भारतीय बोलपट म्हणून त्याचं नाव घेतात.

हे असं का झालं? कारणं दोन. पहिलं रसायनशास्त्राचं. त्या काळची फिल्म नायट्रेटची असायची. ती भलतीच ज्वालाग्राही. एकदा पेटली की पाण्याने विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या स्वतःच्याच पोटात असतो. उष्ण, दमट हवेत ती चिकट होते, मग तिचा भुगा होतो. १९५० नंतर तिच्या जागी ॲसिटेटची 'सेफ्टी' फिल्म आली. ती तशी सहज पेटत नाही, पण तिलाही रोग आहे. नीट थंडीत ठेवली नाही तर ती आंबते. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो, पट्टी आकसते, वाकडी होते. आणि एका डब्यातला रोग शेजारच्या डब्यालाही लागतो.

दुसरं कारण बाजाराचं. कृष्णधवल फिल्मवर चांदीचा थर असतो. चित्रपट चालून उतरला की निर्मात्याच्या लेखी ते डबे म्हणजे अडगळ. भंगारवाला ते घ्यायचा, धुऊन चांदी काढायचा आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्यांसारख्या वस्तू व्हायच्या. इतिहास असा किलोच्या भावात गेला. यात कुणी दुष्ट होतं असं नाही. सिनेमा ही जपायची गोष्ट आहे हेच कुणाच्या मनात आलं नव्हतं.

गोळा करणारा माणूस

हे सर्वांत आधी ओळखणाऱ्या थोड्या लोकांपैकी एक म्हणजे पी. के. नायर. मूळचे तिरुवनंतपुरमचे. फेब्रुवारी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पुढच्या वर्षी नायर तिथे रुजू झाले. जागा पण कशी बघा. प्रभात कंपनी कोल्हापुरात १९२९ ला सुरू झाली, १९३३ मध्ये पुण्याला आली आणि पन्नासच्या दशकात बंद पडली. त्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि संग्रहालयाची सुरुवातही तिच्याच आसऱ्याने झाली. जिथे 'संत तुकाराम' घडला, तिथूनच सिनेमा जपायचं काम सुरू झालं.

नायर १९९१ पर्यंत तिथे होते. फाळक्यांच्या उरलेल्या रिळांपासून बाहेरदेशच्या चित्रपटांपर्यंत मिळेल ते त्यांनी गोळा केलं. ते निवृत्त झाले तेव्हा संग्रह बारा हजारांच्या घरात होता असं सांगितलं जातं. अंधारात बसून, चित्रपट बघता बघता वहीत नोंदी करायची त्यांची सवय प्रसिद्ध आहे. २०१२ मध्ये त्यांच्यावर 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट आला. मार्च २०१६ मध्ये ते गेले.

पण मला नायरांच्या कामातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी डबे नुसते कुलपात ठेवले नाहीत, ते बाहेर काढले. फिल्म सोसायट्यांना प्रिंट पाठवल्या. सतीश बहादूर यांच्यासारख्या शिक्षकांबरोबर पुण्यात चित्रपट रसास्वादाचे वर्ग चालले, त्यांना लागणारे चित्रपट संग्रहालयाने पुरवले. दोन पिढ्यांनी 'रॅशोमॉन' आणि 'पाथेर पांचाली' पाहिले ते या प्रिंटांवर. संग्रहालय म्हणजे गोदाम की वाचनालय, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता. तो आजही सुटलेला नाही, हे पुढे दिसेलच.

आता एक कटू तारीख. ८ जानेवारी २००३. फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली. नंतर बाहेर आलेल्या माहितीनुसार सहाशेच्या वर चित्रपटांची पाच हजारांहून जास्त रिळं जळाली. त्यात प्रभातचाही ठेवा होता. ज्यांची सेफ्टी फिल्मवर आधीच नक्कल काढून ठेवली होती, ते चित्रपट म्हणून तरी वाचले. ज्यांची नव्हती, ते संपले. वस्तू कधीतरी जाणारच, तिची नक्कल वेळेवर व्हायला हवी आणि ती दुसऱ्या जागी असायला हवी. संग्रहालयाच्या कामाचं हे सूत्र ती आग शिकवून गेली. आणि इथेच डिजिटलची गोष्ट सुरू होते.

डिजिटलने दिलं ते

आधी श्रेय देऊ. डिजिटल तंत्राने जे केलं ते आधी कोणत्याही मार्गाने होत नव्हतं.

सत्यजित राय यांच्या 'पाथेर पांचाली'चंच बघा. १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबमध्ये आग लागली आणि रायांच्या अनेक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. काही भाग वितळला, काही ठिसूळ झाला. यंत्रात घालता येईना, म्हणून ते तसेच ठेवून दिले. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्या जळक्या पट्ट्यांना हळूहळू ओलावा दिला, हाताने डागडुजी केली आणि एकेक चौकट स्कॅन केली. जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे दुसऱ्या प्रतींवरून भर घातली. २०१५ मध्ये 'पाथेर पांचाली' पुन्हा पडद्यावर आला. ती निगेटिव्ह कचरा म्हणून फेकून दिली असती तर? तंत्र येईपर्यंत वस्तू कुणीतरी थांबवून धरली, म्हणून पुढचं सगळं घडलं.

आपल्याला जवळचं उदाहरण 'मंथन'चं. श्याम बेनेगल यांचा १९७६ चा चित्रपट. पटकथेत विजय तेंडुलकर, पडद्यावर स्मिता पाटील, आणि पैसा गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांचा, माणशी दोन रुपये. त्याची मूळ निगेटिव्ह पुण्याच्या संग्रहालयात होती. फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेने त्यावरून ४के मध्ये जीर्णोद्धार केला आणि २०२४ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. पुढे आपल्याकडच्या थिएटरांतही लागला. ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता, अशी मुलं रांगेत उभी राहून 'मंथन' बघायला गेली.

हे तंत्र चालतं तरी कसं, थोडक्यात सांगतो. जुनी फिल्म आकसलेली असते, कडेची भोकं फाटलेली असतात. त्यामुळे दात्यांच्या चाकावर ती चढवताच येत नाही. नव्या स्कॅनरमध्ये तिला रुळांवरून अलगद सरकवतात. काही ठिकाणी ती द्रवात बुडवून स्कॅन करतात. तो द्रव ओरखड्यांच्या खाचेत भरतो, प्रकाश तिथे वाकत नाही आणि ओरखडा दिसतच नाही. मग संगणकावर एकेक चौकट साफ होते.

आणि इथे एक नैतिक प्रश्न येतो. साफ किती करायचं? फिल्मला स्वतःचे कण असतात, रवाळपणा असतो. तो घोटून काढला तर चेहरे मेणाचे दिसतात. १९६० चा 'मुघल-ए-आझम' २००४ मध्ये पूर्ण रंगीत करून पुन्हा लावला आणि तो चाललाही. पण ती नवी आवृत्ती झाली, जीर्णोद्धार नव्हे. देवळाच्या काळ्या दगडाला ऑइल पेंट फासायचा की दगड धुऊन तसाच ठेवायचा, असा हा प्रश्न आहे. आपल्या गावोगावच्या देवळांत आपण याचं उत्तर काय देतो ते तुम्हाला माहीतच आहे!

सरकारनेही हालचाल केली. २०१५ च्या सुमारास राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान आलं, जवळपास सहाशे कोटी रुपयांचं. २०२२ मध्ये सुमारे २,२०० चित्रपटांच्या जीर्णोद्धाराची घोषणा झाली. त्याच वर्षी संग्रहालय हे स्वतंत्र कार्यालय न राहता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. त्यावर चित्रपटसृष्टीतल्या अनेकांनी काळजी व्यक्त केली होती. महामंडळ चित्रपट तयार करतं, विकतं. संग्रहालय चित्रपट सांभाळतं. या दोन कामांचा वेळेचा हिशोब वेगळा असतो. निर्मात्याला पुढचा शुक्रवार दिसतो, संग्रहालयाला पुढची शंभर वर्षं.

आता आकडेमोड

वही-पेन घ्या. दोन तासांचा चित्रपट. सेकंदाला २४ चौकटी. म्हणजे एकूण १,७२,८०० चौकटी. ३५ मिमी फिल्मवर फुटाला १६ चौकटी बसतात, म्हणजे १०,८०० फूट, सव्वातीन किलोमीटरहून जास्त पट्टी. ती डब्यांत भरा, थंड आणि कोरड्या खोलीत ठेवा, वीजबिल भरत राहा. नीट ठेवली तर शंभर वर्षं सहज टिकते. मध्ये दहा वर्षं कुणी डबा उघडला नाही तरी काही बिघडत नाही.

आता तोच चित्रपट ४के मध्ये स्कॅन केला. पूर्ण दर्जाची एक चौकट साधारण ५१ एमबी. गुणाकार करा : जवळपास ९ टीबी, एका चित्रपटाला. ही एक प्रत. निदान तीन तरी हव्यात, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात.

या प्रती ठेवतात डेटा टेपवर, एलटीओ म्हणतात त्याला. २००० साली पहिली पिढी आली, एका टेपवर १०० जीबी. २०२१ मध्ये नववी पिढी, १८ टीबी. प्रगती उत्तमच. पण गोम अशी की आठव्या पिढीचं यंत्र सहाव्या पिढीची टेप वाचत नाही. म्हणजे टेप ठणठणीत, तिच्यावरचा चित्रपट ठणठणीत, आणि वाचायला यंत्र नाही. म्हणून दर काही वर्षांनी सगळा संग्रह नव्या टेपवर उतरवायचा, प्रत्येक फाईल चेकसम लावून तपासायची आणि पुन्हा काही वर्षांनी तेच. हे काम कधी संपतच नाही.

ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २००७ मध्ये याचा हिशोब मांडला होता. फिल्मवरचा मूळ चित्रपट सांभाळायला वर्षाला १,०५९ डॉलर, आणि तोच ४के डिजिटल स्वरूपात सांभाळायला १२,५१४ डॉलर. अकरा-बारा पट. तेव्हापासून साठवण पुष्कळ स्वस्त झाली आहे, पण खर्चाचा स्वभाव बदलला नाही. फिल्मचा मोठा खर्च एकदाच होतो. डिजिटलचा हप्ता कायमचा चालू राहतो. फिल्म दुर्लक्ष सहन करते, फाईल करत नाही.

थोडं थांबून या वाक्याकडे बघा. आपल्याकडच्या सांस्कृतिक संस्था कशावर टिकल्या? कितीतरी ठिकाणी दुर्लक्षावरच! कुणाच्या माळ्यावर पोथ्या राहिल्या, कुणाच्या ट्रंकेत नाटकांच्या नकला राहिल्या. वाड्याच्या अंधाऱ्या खोलीत कुणी हात लावला नाही, म्हणून शंभर वर्षांनी सापडलं. 'कुठेतरी पडून असेल' हीच आपल्या इतिहासाची आशा होती. नायरांनी जे शोधलं ते बरंचसं असंच कुठेतरी पडलेलं होतं. डिजिटलमध्ये ही आशाच संपते. वीस वर्षं कपाटात पडलेली हार्ड डिस्क चालू होईलच असं नाही. बहुधा होत नाही.

सर्वांत धोक्यात कोण?

मला कुणी विचारलं की आज सर्वांत धोक्यात कुठला मराठी सिनेमा आहे, तर मी १९३६ चा म्हणणार नाही, २०१३ चा म्हणेन.

का ते सांगतो. २००५ च्या सुमारास आपल्याकडे उपग्रहावरून थिएटरांत चित्रपट पोचवायची सोय आली. मराठी निर्मात्याला हे वरदानच होतं. प्रत्येक थिएटरसाठी वेगळी प्रिंट काढायची गरज उरली नाही. पूर्वी मोजक्या प्रिंट निघायच्या, त्या मुंबई-पुण्यात फिरून झिजल्या की तालुक्याच्या गावी जायच्या. आता सांगली, परभणी, जळगाव सगळीकडे एकाच शुक्रवारी चित्रपट लागायला लागला. छोट्या पैशांत, नव्या विषयांवर चित्रपट होऊ लागले. गेल्या वीस वर्षांत मराठी सिनेमाला जो बहर आला, त्यात या तंत्राचा वाटा मोठा आहे.

पाठोपाठ चित्रीकरणही डिजिटल झालं. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१३ मध्ये फुजीने सिनेमाची चित्रीकरणाची फिल्म बनवणं थांबवलं. मुंबईतल्या लॅब एकामागून एक बंद पडल्या. याचा अर्थ असा की त्यानंतरच्या बहुतेक चित्रपटांना निगेटिव्हच नाही. डबाच नाही. आहे ती फाईल. ती कुठे आहे? निर्मात्याच्या ऑफिसातल्या ड्राइव्हवर, संकलकाच्या घरी, पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओच्या सर्व्हरवर, बिल थकलं असेल तर अडवून ठेवलेली. आणि थिएटरला जाते ती डीसीपी नावाची प्रत बहुधा कुलूपबंद असते. तिची किल्ली तारखेपुरती चालते. किल्लीची मुदत संपली की ड्राइव्ह हातात असूनही चित्रपट उघडत नाही.

तुम्ही म्हणाल, ओटीटीवर आहे की! आहे, करार आहे तोवर. करार संपला की एका रात्रीत चित्रपट दिसेनासा होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ओटीटी हे दुकान आहे. दुकानदाराने माल ठेवलाच पाहिजे असं कुठे आहे? आणि यूट्यूबवरची प्रत म्हणजे पिळून काढलेली, मोबाइलपुरती. तिच्यावरून पुन्हा मोठ्या पडद्याची प्रत होत नाही.

कायदाही इथे मदतीला येत नाही. १९५४ चा कायदा आहे, पुस्तक छापलं की ठरलेल्या राष्ट्रीय ग्रंथालयांना प्रत द्यावीच लागते. चित्रपटाची प्रत संग्रहालयाला दिलीच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तर प्रत जाते. पण पुरस्कार न मिळालेल्या चित्रपटातही त्या वर्षीची भाषा, कपडे, रस्ते, माणसं असतातच की! शंभर वर्षांनी अभ्यासकाला कदाचित तेच हवं असेल.

गोदाम की वाचनालय?

आता नायरांच्या वेळचा प्रश्न. डिजिटलमुळे संग्रह लोकांपुढे ठेवणं तांत्रिकदृष्ट्या सोपं झालं. पूर्वी चित्रपट बघायचा तर पुण्याला जाऊन परवानगी काढायची, यंत्रावर रीळ लावून घ्यायचं. आज घरबसल्या दाखवता येईल. मग अडतं कुठे? हक्कांत. आपल्या कायद्यात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं चालतो. १९३६ चा 'संत तुकाराम' त्यातून केव्हाच मोकळा झालाय. पण सत्तर-ऐंशीच्या दशकांतले चित्रपट अजून बांधलेले आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांचे मालक कोण हेच कळत नाही. कंपनी बंद, निर्माता गेला, वारसांत वाटण्या. संग्रहालय सांभाळू शकतं, दाखवू शकत नाही. आणि जे दिसत नाही त्यासाठी पैसा मागायला गेलं की ऐकू येतं, 'कोण बघतंय हे?'

म्हणून मला वाटतं, डिजिटलने या संस्थांचं कामच बदललं आहे. पूर्वी तिथे हवा असायचा संग्राहक : शोधणारा, भंगारवाल्याच्या आधी पोचणारा. आता त्याच्या जोडीला संगणक अभियंता हवा, हक्कांचा वकील हवा, आणि दरवर्षी न चुकता येणारा पैसा हवा. एकदाच आलेली मोठी रक्कम स्कॅनिंगला पुरते, पुढच्या पन्नास वर्षांना नाही. उद्घाटनाला फीत कापता येते. टेप बदलण्याच्या कामाला कोण फीत कापणार?

ऐकणाऱ्यांत चित्रपट, लघुपट, नाटकाचं चित्रीकरण, गावच्या तमाशाचं रेकॉर्डिंग केलेली मंडळी नक्की असतील. त्यांना एवढंच सांगणं आहे. कुलूप नसलेली, पूर्ण दर्जाची एक प्रत वेगळी काढा. ती दोन वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा, एक दुसऱ्याच्या घरी. वर्षातून एकदा, दसऱ्याला शस्त्रं काढतो तशी, ती बाहेर काढून चालवून बघा. हक्क कुणाचे हे कागदावर लिहून सोबत ठेवा. आणि जमलं तर संग्रहालयाला प्रत द्या. जुन्या निगेटिव्हचे डबे असतील तर स्कॅन झालं म्हणून ते टाकू नका. उद्याचा स्कॅनर आजच्यापेक्षा चांगला असेल आणि तो मागेल मूळ पट्टीच.

फाळक्यांची मधली दोन रिळं गेली, कारण ती जपायची असतात हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे. आपल्याकडून फाईल गेली तर तसं कारण आपल्याला सांगता येणार नाही.

पुढच्या भागात याच धाग्यावर, पण पडद्याऐवजी तबकडीकडे जाऊ : संगीत नाटकांच्या गाण्यांच्या ग्रामोफोन तबकड्या. तोपर्यंत तुमच्याकडे असलेल्या जुन्या डब्यांच्या आणि हार्ड डिस्कच्या गोष्टी आम्हाला जरूर कळवा. भेटूच.